खेळाचं इंजिन: प्रशियातल्या टेबलापासून तुमच्या लॅपटॉपपर्यंत

आजचा विषय ऐकून माझ्या वयाच्या श्रोत्यांच्या भुवया वर जातील. गेम इंजिन. मुलं मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर जे गेम खेळतात, त्यांच्या पोटात चालणारं यंत्र. निवृत्त फौजी माणसानं पानिपत सांगावं, पालखेडची मोहीम सांगावी, हे काय मधेच काढलं, असं काहींना वाटेल. पण जरा थांबा. या यंत्राचा इतिहास फौजेच्या छावणीतून जातो. आणि तो नीट समजला, तर ज्या कुणाला स्वतःचं एक छोटं इंजिन लिहून बघायचं आहे, त्याचं निम्मं काम हलकं होतं. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठंही बसून ऐकत असाल, साधा जुना लॅपटॉप असला तरी पुरे.

आधी शब्द समजून घेऊ. घरातला मिक्सर बघा. चटणीचं भांडं वेगळं, रसाचं वेगळं, कोरड्या मसाल्याचं वेगळं. खाली मोटर मात्र एकच. गेममध्ये चित्रं, नकाशे, पात्रं, आवाज ही भांडी, आणि ती सगळी फिरवणारी मोटर म्हणजे इंजिन. भांडं बदललं तरी मोटर बदलावी लागू नये, हे त्यातलं मर्म. ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांनी काढली असं सगळे समजतात. माझ्या मते तिचा जन्म त्याच्या दीडशे वर्षं आधी झाला, आणि तो एका लाकडी टेबलावर.

1806 मध्ये नेपोलियननं येनाच्या लढाईत प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडवला. त्या धक्क्यातून सावरताना प्रशियात प्रत्येक गोष्टीचा नव्यानं विचार सुरू झाला. त्याच काळात फॉन राइसविट्झ नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्यानं युद्धाचा खेळ तयार केला, आणि 1812 मध्ये तो राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याला सादर केला. त्याच्या आधीही असे खेळ होते. 1780 च्या सुमाराला ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या शिक्षकानं बुद्धिबळ फुगवून शेकडो घरांचा पट केला होता. आपलं चतुरंगही मूळचं तेच: हत्ती, घोडे, रथ, पायदळ. पण हे सगळे घरांचे खेळ. जमीन कधी चौकोनात वागत नाही. राइसविट्झनं काय केलं, तर प्लास्टरचे रंगवलेले तुकडे केले. टेकडी, नदी, रस्ता, गाव. ते हवे तसे जुळवून टेबलावर कुठलाही मुलूख उभा करायचा. टेबलाला खण होते, त्यात सगळं सामान. राजघराण्यात तो खेळ आवडीनं खेळला गेला. पण एवढं मोठं फर्निचर रेजिमेंटमध्ये कोण नेणार?

पुढचं काम त्याच्या मुलानं केलं. तो तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्यानं टेबल टाकून दिलं आणि 1:8000 प्रमाणाचा कागदी नकाशा घेतला. दोन बाजूंसाठी लाल आणि निळे ठोकळे घेतले. फाशांवर आधारलेले तक्ते बनवले: अमुक अंतरावरून एवढ्या बंदुकांनी गोळीबार केला तर समोरचं किती नुकसान. आणि 1824 मध्ये नियमांचं पुस्तक छापलं. सरसेनाप्रमुखाच्या जागी असलेला जनरल म्युफ्लिंग सुरुवातीला फारशा उत्साहात नव्हता. खेळ बघता बघता तो बदलला. हा खेळ नव्हेच, ही तर युद्धाची शाळा आहे, अशा अर्थाचं तो बोलून गेला आणि त्यानं खेळाची शिफारस साऱ्या सैन्याला केली.

आता त्या खेळाची रीत नीट ऐका, कारण इथंच आपलं इंजिन आहे. दोन्ही बाजूंचे खेळाडू ठोकळ्यांना हात लावत नसत. ते पंचाला लेखी हुकूम देत. पंच ते हुकूम वाचे, तक्ते बघे, फासे टाके, आणि पुढच्या दोन मिनिटांत काय घडलं असतं ते ठरवे. हो, प्रत्येक डाव बरोबर दोन मिनिटांचा. मग तो नकाशावर ठोकळे सरकवे, पण शत्रूचे तेवढेच ठोकळे मांडे जेवढे त्या बाजूला खरोखर दिसले असते. मग पुन्हा हुकूम.

हुकूम घ्या, हिशोब करा, दाखवा. पुन्हा हुकूम घ्या. आज जगातला कुठलाही गेम उघडा, त्याच्या पोटात हेच चक्र फिरताना सापडेल. प्रोग्रामर त्याला गेम लूप म्हणतात. पंचाला दोन मिनिटांच्या एका डावाचा हिशोब करायला बराच वेळ लागे. तुमच्या लॅपटॉपला सेकंदात साठ डाव करायचे असतात, म्हणजे एका डावाला साधारण 16.67 मिलिसेकंद. फरक एवढाच.

त्या तरुण राइसविट्झचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. त्याच्या खेळाचं कौतुक झालं, आणि कौतुकाबरोबर हेवाही आला. बढती मिळाली, पण बर्लिनहून दूर टोरगाऊला बदली झाली. 1827 मध्ये त्यानं आत्महत्या केली. पुढं मोल्टकेनं या खेळाला उचलून धरलं, आणि 1870-71 मध्ये प्रशियानं फ्रान्सला हरवल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही तो घेतला. निर्मात्यानं यातलं काही पाहिलं नाही.

इथं एक वाद उभा राहिला, तो मला आजही फार महत्त्वाचा वाटतो. तक्ते वाढत गेले, नियमांची पुस्तकं जाड झाली, खेळ संथ झाला. 1876 मध्ये फेर्डी द्यू फेर्नुआ या अधिकाऱ्यानं सांगितलं की तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंच स्वतःच्या समजुतीनं निकाल देईल. एका पक्षाचं म्हणणं, नियम लिहिलेले असले की पंचाची लहर चालत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, लिहिलेल्या नियमांत युद्ध मावत नाही.

दोन्ही पक्षांचं दुखणं मी अंगावर घेतलेलं आहे. आमच्याकडे सँड मॉडेल असतं. जमिनीवर वाळू पसरून त्यात डोंगर, नाले, रस्ते उठवायचे, रंगीत लोकर नि चिठ्ठ्या लावायच्या आणि त्यावर लढाईची चर्चा करायची. शेवटी डायरेक्टिंग स्टाफचं उत्तर येतं, त्याला आम्ही डीएस सोल्युशन म्हणतो. ते एकदा जाहीर झालं की वाळूतला डोंगरसुद्धा त्याच्या बाजूनं साक्ष देतो! गमतीचा भाग सोडा. एका सरावात पंचांच्या तक्त्याप्रमाणे आमच्या कंपनीनं नाला वीस मिनिटांत ओलांडला होता. प्रत्यक्षात आदल्या रात्री पाऊस झाला होता, काठ घसरत होते, आणि शेवटचा जवान पलीकडे पोचायला दोन तास गेले. कागदावर आम्ही तेवढ्या वेळात पुढच्या टेकडीवरही चढलो होतो. तक्त्यात पावसाचा रकाना नव्हता. इंजिन लिहिणाऱ्यानं जो रकाना ठेवला नाही, तो त्याच्या जगात अस्तित्वातच नसतो. हे त्या दिवशी चिखलात उभं राहून मला जेवढं कळलं, तेवढं कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं.

आता कॉम्प्युटरकडे वळू.

1958 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानं पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस दाखवलं. त्यात ॲनालॉग कॉम्प्युटर होता. तो प्रकार तिथंच राहिला. खरी सुरुवात 1962 ची. एमआयटीमध्ये पीडीपी-1 नावाचं यंत्र आलं होतं. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर स्पेसवॉर लिहिला. दोन अवकाशयानं, मधे एक तारा, एकमेकांवर टॉर्पेडो सोडायचे. गंमत बघा. ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्सनं घातलं. पण प्रत्येक फेरीत त्याचा हिशोब करायला वेळ पुरेना. तेव्हा त्यानं यानं काढण्याची रीत बदलून वेळ वाचवला, आणि तो वाचलेला वेळ गुरुत्वाकर्षणाला दिला. तरीही टॉर्पेडोंसाठी वेळ उरला नाही, म्हणून यानं ताऱ्याकडे ओढली जातात आणि टॉर्पेडो सरळ जातात. ते तसं का, याचं खुशाल काहीतरी शास्त्रीय कारण सांगता येईल. खरं कारण एकच, शिधा संपला! वेळ हा इंजिनाचा शिधा आहे. मोजून वाटावा लागतो.

दहा वर्षांनी, 1972 मध्ये, अटारीचा पाँग आला. अ‍ॅलन अल्कॉर्ननं तो बनवला. दोन पट्ट्या, एक चेंडू. त्यात प्रोसेसर नव्हता, प्रोग्राम नव्हता. सगळा खेळ तारांच्या जोडणीत. दुसरा खेळ हवा तर दुसरं सर्किट. म्हणजे तिथं मोटर आणि भांडं एकजीव होतं. लोक पाँगला आद्य गेम म्हणतात, मला तो इंजिनाच्या इतिहासातला एक बाजूचा रस्ता वाटतो. मात्र शिकणाऱ्यासाठी पाँगसारखा दुसरा गुरू नाही.

1978 मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स बनवला. वर परग्रहवासीयांच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत अकरा, एकूण 55. जसजसे मारत जाल, तसतसे उरलेले जोरात धावू लागतात. खेळाचा सारा थरार त्यात आहे. पण तो वेग कुठून आला? यंत्र हळू होतं, म्हणून पडद्याच्या प्रत्येक फेरीत एकच परग्रहवासी सरकवला जाई. 55 जण असताना सगळ्यांची पाळी यायला जवळजवळ एक सेकंद लागे. पाचच उरले की त्यांची पाळी दर बाराव्या भागात. यंत्राची मर्यादा हीच खेळाची मजा झाली.

आता हाच प्रकार तुमच्या पहिल्या प्रोग्राममध्ये मजा नसून डोकेदुखी ठरेल, म्हणून इथं थोडा थांबतो. तुम्ही लिहाल: प्रत्येक फेरीत चेंडू चार ठिपके पुढं. तुमच्या लॅपटॉपवर साठ फेऱ्या होतात, चेंडू सेकंदाला 240 ठिपके जातो. मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर तीसच फेऱ्या होतात, तिथं तोच चेंडू अर्ध्या वेगानं रांगतो. उपाय शाळेतला आहे: अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. मागच्या फेरीपासून किती वेळ गेला ते मोजा आणि त्यानं गुणा. वेग 240 ठिपके प्रति सेकंद असा लिहा, प्रति फेरी लिहू नका.

त्याहून पक्की रीत राइसविट्झची, ठरलेल्या लांबीचा डाव. तेज चलच्या हुकमावर मिनिटाला 120 पावलं पडतात, मग बघणारे दहा असोत की दहा हजार. तसा हिशोबाचा ठेका कायम ठेवायचा आणि पडद्यावर काढण्याचं काम जमेल तसं करायचं. गेलेला वेळ एका डब्यात साठवत जा. डब्यात साठावा भाग जमला की एक डाव चालवा आणि तेवढा वेळ डब्यातून काढा. दोन डावांचा वेळ जमला असेल तर दोन चालवा. हे चार-पाच ओळींत लिहून होतं.

पाँगमध्ये दुसरा धडा टकरीचा. दोन चौकोन एकमेकांवर आले का, हे ओळखायला चार तुलना पुरतात. पहिल्याची डावी कड दुसऱ्याच्या उजव्या कडेच्या डावीकडे आहे का? पहिल्याची उजवी कड दुसऱ्याच्या डाव्या कडेच्या उजवीकडे आहे का? असंच वर आणि खाली. चारही उत्तरं हो, तर टक्कर. एक खोच मात्र आहे. रायफलची गोळी सेकंदाला साधारण 900 मीटर जाते असं धरा. सेकंदात साठ डाव म्हणजे एका डावात ती 15 मीटर जाते. भिंत अर्धा मीटर जाड. एका डावात गोळी भिंतीच्या अलीकडे, पुढच्या डावात पलीकडे, आणि भिंतीला पत्ताच नाही! म्हणून वेगवान वस्तूसाठी आधीच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेघ ओढायची आणि ती रेघ भिंतीला छेदते का ते बघायचं. चेंडू पट्टीच्या आरपार गेला की हे आठवा.

आता इंजिन वेगळं कसं झालं त्याकडे येऊ. 1979 च्या सुमाराला इन्फोकॉमच्या लोकांनी त्यांच्या शब्दांच्या गेमसाठी झेड-मशीन नावाचं एक काल्पनिक यंत्र कल्पिलं. गोष्ट एकदा लिहायची, आणि प्रत्येक कंपनीच्या कॉम्प्युटरसाठी फक्त ते यंत्र नव्यानं लिहायचं. 1987 मध्ये लुकासफिल्मच्या मॅनियाक मॅन्शनसाठी रॉन गिल्बर्टनं स्कम नावाची लिपी केली, आणि पुढं दहा वर्षं त्याच पायावर एकामागून एक गेम निघाले. पण इंजिन हा शब्द गेमच्या संदर्भात घरोघर पोचला तो डूममुळं.

इड सॉफ्टवेअर, टेक्सस. जॉन कारमॅक हा मुख्य प्रोग्रामर. 1992 मध्ये वोल्फेनस्टाइन, 10 डिसेंबर 1993 ला डूम. त्या काळच्या साध्या घरगुती कॉम्प्युटरवर उंच-सखल, अंधाऱ्या-उजेडी खोल्यांतून धावता येणं हा चमत्कार होता. त्या चमत्काराचं मूळ पुन्हा फौजेशी जोडलेलं निघतं. जवळचं काय, लांबचं काय, कुठली भिंत कुठल्या भिंतीला झाकते, हे दर फेरीत ठरवणं फार महाग पडतं. त्यावर एक युक्ती होती: नकाशा आधीच कापून ठेवा, एका भिंतीच्या पुढचं एका बाजूला, मागचं दुसऱ्या बाजूला, पुन्हा प्रत्येक भाग तसाच कापा, आणि त्याचं झाड बनवा. 1969 मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी, वैमानिकांच्या सिम्युलेटरकरिता झालेल्या अभ्यासात या विचाराची सुरुवात दिसते. 1980 मध्ये फुक्स, केडेम आणि नेलर यांच्या शोधनिबंधात तो पूर्ण रूपात आला. कारमॅकनं तो वाचून खेळात वापरला. कष्टाचं काम आधीच करून ठेवायचं, लढाईच्या वेळी फक्त वाचायचं. तोफखान्याचे गोळीबाराचे तक्ते याच तत्त्वावर असतात.

डूमची दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. त्याचा हिशोब सेकंदाला ठरलेल्या 35 ठोक्यांनी चाले. आणि नशिबाचा भाग, म्हणजे गोळी किती लागली वगैरे, 256 आकड्यांच्या एका छापील तक्त्यावरून येई. आकडे ठरलेले, क्रम ठरलेला. म्हणजे तेच हुकूम पुन्हा दिले तर खेळ तंतोतंत तसाच घडणार. त्यामुळं खेळाचं चित्रण साठवताना फक्त दाबलेल्या बटणांची नोंद पुरे होई, आणि चार कॉम्प्युटर जोडून खेळतानाही एकमेकांकडे फक्त हुकूम पाठवावे लागत. लेखी हुकूम, ठरलेला डाव, आकड्यांचा तक्ता. बर्लिनचा तो लेफ्टनंट हे बघता तर लगेच ओळखता.

तिसरी गोष्ट, डूमचे नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं वॅड नावाच्या वेगळ्या फायलींत होतं. इंजिनाला हात न लावता कुणीही नवा नकाशा करू शके. हजारो लोकांनी केले. त्यातच अमेरिकी मरीन कोअरही होती. 1996 मध्ये क्वांटिको इथं लेफ्टनंट स्कॉट बार्नेट आणि सार्जंट डॅन स्नायडर यांनी डूम 2 घेऊन मरीन डूम तयार केला. राक्षसांच्या जागी सैनिक, जादूई शस्त्रांच्या जागी खऱ्या शस्त्रांची रूपं, आणि चार जणांची फायर टीम एकत्र खेळणारी. नेम शिकवणं हा हेतू नव्हता. चौघांनी एकमेकांना सांभाळत, दारूगोळा मोजत, पुढं कसं सरकायचं, हा होता. पुढच्या वर्षी मरीन कोअरचे प्रमुख जनरल क्रुलॅक यांनी अशा कॉम्प्युटर खेळांना प्रशिक्षणात अधिकृत मान्यता दिली.

त्याआधी 1980-81 मध्ये अटारीच्या बॅटलझोन या रणगाड्याच्या गेमवरून ब्रॅडली गाडीच्या गनरसाठी प्रशिक्षण यंत्र करून घेण्यात आलं होतं. तो गेम लिहिणाऱ्या एड रोटबर्गनं ते काम केलं, पण नाराजीनं. आपण करमणूक बनवतो, सैन्याचं काम नको, अशी त्याची भूमिका होती. मी फौजी असूनही त्याची बाजू मला समजते. बनवणाऱ्याला नको म्हणण्याचा हक्क हवा. आणि मरीन डूमबद्दल माझं मत विचाराल तर चौघांचा ताळमेळ शिकायला ते ठीक. पण त्यात पाठीवरचं ओझं नाही, ओले मोजे नाहीत, उंचावरची धाप नाही, आणि शेजारचा पडला तर त्याला उचलणं नाही. पुन्हा तोच न ठेवलेला रकाना. सिम्युलेटरवर शिकलेल्या पोरांना हे कुणीतरी वेगळं शिकवलं पाहिजे, आणि ते काम अजून तरी हवालदारच करतो.

डिसेंबर 1997 मध्ये कारमॅकनं डूमचा सगळा सोर्स कोड लोकांसाठी खुला केला. जगभरच्या कितीतरी प्रोग्रामरांनी इंजिन आतून पाहिलं ते तेव्हाच. दरम्यान 1996 चा क्वेक आला. त्याचं इंजिन भाड्यानं घेऊन, बदलून, व्हॉल्व्ह कंपनीनं 1998 मध्ये हाफ-लाइफ केला. त्याच वर्षी टिम स्वीनी यांच्या एपिकचा अनरियल आला. 2002 मध्ये अमेरिकी सैन्यानं भरतीसाठी अमेरिकाज आर्मी हा गेम त्याच इंजिनावर काढला. इंजिन हीच विकायची वस्तू झाली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये काढलेला राजी हा गेमही अनरियलच्याच चौथ्या आवृत्तीवर उभा आहे.

युनिटीची कथा तर अशी की डेन्मार्कच्या तिघांनी गूबॉल नावाचा गेम काढला, तो चालला नाही, पण त्यासाठी बनवलेली अवजारं चांगली होती. 2005 मध्ये त्यांनी तीच विकायला काढली. गेम बुडाला आणि मोटर तरली. पुढं लाखो लोक युनिटीवर अवलंबून झाले. मग सप्टेंबर 2023 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपलीकडे गेम जितक्या वेळा उतरवला जाईल तितक्या वेळा शुल्क द्यावं लागेल. बनत आलेल्या, विकल्या जात असलेल्या गेमांनाही ते लागणार होतं. प्रचंड ओरड झाली, कंपनीनं आधी अटी सौम्य केल्या, आणि वर्षभरानं, सप्टेंबर 2024 मध्ये, ते शुल्क रद्द केलं. पण वर्षभर कितीतरी छोट्या गटांच्या पोटात गोळा होता. रसद दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, ते आम्हाला सैन्यात पहिल्या वर्षी शिकवतात. अनेक जण तेव्हा गोडोकडे वळले. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर यांनी ते 2014 मध्ये खुलं केलं. त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा.

मग तुम्ही स्वतःचं इंजिन का लिहावं, तयार असताना? विकण्यासाठी लिहू नका. आत काय चालतं ते कळावं म्हणून लिहा. बंदूक चालवणाऱ्याला ती खोलून जोडता आली पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार.

पायथॉन आणि पायगेम घ्या. सी भाषा येत असेल तर रेलिब घ्या. पहिल्या दिवशी एक खिडकी उघडा, तिच्यात एक चौकोन काढा आणि चक्र फिरवा: बटणं वाचा, हिशोब करा, काढा. हिशोबाच्या भागात चित्र काढू नका आणि चित्राच्या भागात हिशोब करू नका. ही एक शिस्त पाळली तर बाकी चुका निस्तरता येतात. दुसऱ्या आठवड्यात पाँग पुरा करा. गुण दाखवा, हार-जीत दाखवा, पुन्हा सुरू करण्याची सोय करा. अर्धवट दहा खेळांपेक्षा पुरा झालेला एक पाँग जास्त शिकवतो.

मग दुसरा खेळ, भिंतींच्या चक्रव्यूहाचा. इथं वॅड फाइलचा धडा घ्या. नकाशा कोडमध्ये लिहू नका. साध्या मजकुराच्या फायलीत लिहा: भिंतीसाठी 'भ', मोकळ्या जागेसाठी टिंब, खेळाडूसाठी 'ख'. पायथॉन तिसऱ्या आवृत्तीला देवनागरी चालते. फक्त काना, मात्रा, वेलांटी लावू नका, कारण 'भि' आपल्याला एक अक्षर दिसलं तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन चिन्हं आहेत आणि सगळी रांग एका घरानं सरकेल. फाइल बदलली की नवा नकाशा, कोड तोच. घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाला ती फाइल द्या, तो तासाभरात पाच नकाशे करून आणेल, आणि त्यातला एक असा असेल की त्यातून बाहेर पडायला वाटच नसेल.

तिसरा खेळ स्पेस इन्व्हेडर्स. 55 जण आणि एक तोफ. हा लिहिताना तुमच्या लक्षात येईल की खिडकी, चक्र, वेळेचा डबा, टक्कर, फाइल वाचणं, हे तुम्ही आधीच्या खेळांतून जसंच्या तसं उचलताय. ते सगळं उचला, एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि तिन्ही खेळ त्या एकाच फोल्डरवर चालवून बघा. ते फोल्डर म्हणजे तुमचं इंजिन. त्याआधी इंजिन लिहायला बसू नका. दोन-तीन भांडी हातात असल्याशिवाय मोटरचा आटा कुठल्या मापाचा ठेवायचा ते कळत नाही.

आवाजाचा भाग मी आज मुद्दाम सोडला. त्याचा इतिहास वेगळा आहे आणि त्याचं वेळेचं गणितही वेगळं. तो पुढच्या भागात घेऊ. तोवर पाँग तयार ठेवा.